राक्षस मारल्यास तीनशे

मी एक जुना पडदा आहे. खिडकीला टांगतात तो कापडी पडदा नव्हे. मी जाड पुठ्ठ्याचा, तीन घड्यांचा, टेबलावर उभा राहणारा. मिटलो की मोठ्या वहीसारखा काखेत मावतो. मित्रांनो, तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी माझ्यासारखा पडदा पाहिलाही नसेल, म्हणून मी कशासाठी जन्मलो ते आधी सांगतो.

एक खेळ असतो. त्याला पट लागत नाही. टेबलाभोवती चार-पाच माणसे बसतात. त्यातला एक जण गोष्ट सांगतो. त्याला सूत्रधार म्हणतात. बाकीचे त्या गोष्टीतली माणसे होतात. सूत्रधार म्हणतो, "तुमच्यासमोर जंगल आहे, आत कुणीतरी कण्हतंय." मग प्रत्येक जण सांगतो, मी हे करतो, मी ते करतो. केलेले जमले की फसले, हे वीस बाजूंचा एक फासा ठरवतो. पुढे काय दडले आहे ते सूत्रधाराने कागदावर लिहून ठेवलेले असते. ते इतरांना दिसू नये म्हणून तो आपल्यापुढे एक आडोसा उभा करतो. तो आडोसा म्हणजे मी.

माझा जन्म एका बाइंडरच्या दुकानात झाला. बाइंडर हा बोलायला कमी आणि हाताला चोख असा माणूस होता. त्याची भाची चष्म्याच्या दुकानात काचा घासायचे काम करी. तिला सगळे ताई म्हणत. एके दिवशी ती आली आणि म्हणाली, "मामा, मला एक पडदा करून द्या. वाऱ्यानं पडेल असा नको."

मामांनी रजिस्टरांच्या कामातून उरलेले तीन पुठ्ठे काढले. कडा घासल्या, कापडी पट्ट्यांनी ते एकमेकांना जोडले, बाहेरून हिरवे बाइंडिंगचे कापड चढवले आणि मला दोन दिवस दाबयंत्राखाली ठेवले. माझा कणा अजून ताठ आहे, तो त्या दोन दिवसांमुळे.

मग माझ्या आतल्या बाजूला चिकटवायला ताईने एक कागद आणला. वळणदार अक्षरात तिने तक्ता लिहिला होता. कोल्हा मारल्यास दहा गुण. दरोडेखोर मारल्यास पन्नास. राक्षस मारल्यास तीनशे. गुण साठले की खेळातला माणूस अधिक बलवान होतो, असा नियम होता. मामा खळ लावता लावता तो तक्ता वाचत होते. मध्येच त्यांचा ब्रश थांबला.

"आणि नाही मारलं तर?"

"तर नाही मिळत," ताई म्हणाली. "मामा, खेळ आहे तो."

 मामांनी कोपऱ्यांना जरा जास्त खळ लावली आणि तळहाताने कागद दाबून बसवला. मला तर तो तक्ता फार आवडला. कोऱ्या पुठ्ठ्याला आपल्यावर काहीतरी लिहिलेले असण्याचेच अप्रूप असते. काय लिहिले आहे, हा विचार त्याच्या डोक्यात येत नाही.

खेळ दर रविवारी दुपारी मामांच्याच दुकानात रंगायचा. त्या दिवशी दुकान बंद असे. कागद कापायचे मोठे टेबल रिकामे असे, खळीचा वास मात्र सुट्टी घेत नसे. खेळायला तिघे जण येत. एक तरुण सुतार होता. दार उघडायचे असले तरी तो आधी खांद्याने ढकलून पाही. दुसरा कंपाउंडर. दवाखान्यात पुड्या बांधता बांधता त्याच्या जिभेला अशी गती आली होती की समोरच्याला श्वास घ्यायला फुरसत मिळत नसे. तिसरी होती ताईची मैत्रीण. ती वीज कार्यालयात तक्रारीच्या खिडकीवर बसे. अंगाने बारकी आणि प्रत्येक गोष्ट सावकाश, शेवटापर्यंत नेणारी, म्हणून तिला सगळे मुंगी म्हणत.

मित्रांनो, माझे नशीब असे की मला दोन्ही बाजू दिसत. बाहेरून मला खेळणाऱ्यांचे चेहरे दिसत आणि आतून ताईचा. फासा वाईट पडला की ताई ओठ चावी. कधीकधी कुणाचा जीव जाण्याची वेळ आली, तर माझ्याआड टाकलेल्या फाशाचा आकडा ती हळूच बदलून सांगे. हे गुपित मी कधी कुणाला सांगितले नाही. आज सांगतो आहे, कारण आता त्याला बरीच वर्षे झाली.

एका रविवारी त्यांच्या वाटेत एक पूल आला. पुलावर एक राक्षस उभा होता आणि तो कुणालाच पलीकडे जाऊ देत नव्हता. सुताराने तलवार उपसली. कंपाउंडरने धनुष्याला बाण लावला. मुंगी म्हणाली, "थांबा जरा. ताई, मघाशी तू म्हणालीस की तो एका पायावर भार देऊन उभा आहे. का?"

ताई गडबडली. ते वाक्य ती सहज बोलून गेली होती. कागदावर तसे काही लिहिलेले नव्हते. मी आतून पाहत होतो. तिने डोळे मिटले, दोन क्षण विचार केला आणि म्हणाली, "त्याच्या टाचेत काहीतरी रुतलंय. त्याला वाकून बघता येत नाही."

पुढचा पाऊण तास मुंगी त्या राक्षसाशी बोलत होती. तो ओरडला, ती मागे सरली नाही. त्याने दगड फेकला, ती बाजूला झाली आणि पुन्हा तोच प्रश्न विचारला. शेवटी तो खाली बसला. सुताराने आपल्या तलवारीचे टोक वापरून काटा काढला आणि राक्षसाने तिघांना खांद्यावर बसवून नदी पार करून दिली. त्या दिवशी टेबलाभोवती जो आनंद होता, तसा मी त्याआधी पाहिला नव्हता. सुतारसुद्धा खुर्चीवरून उठून उभा राहिला होता.

मग गुण द्यायची वेळ आली. ताईची नजर माझ्यावरच्या तक्त्यावर फिरली. राक्षस मारल्यास तीनशे. राक्षस जिवंत होता.

"मघाच्या दोन कोल्ह्यांचे सुताराला वीस," ती चाचरत म्हणाली. "पुलाचे... तक्त्यात काही नाही."

कंपाउंडर खो-खो हसला. "पुढच्या वेळी आधी मारू आणि मग पायाची चौकशी करू."

मुंगी हसली नाही. तिने आपला कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. तिचे गुण पहिल्यापासूनच सगळ्यांत कमी होते. कारण ती दर वेळी आधी विचारायची, आणि विचारलेल्याचे मोल माझ्या छातीवर कुठेच लिहिलेले नव्हते.

पुढच्या रविवारी वाटेत एक म्हातारा दरोडेखोर भेटला. साथीदार त्याला टाकून गेले होते. त्याने हातातला मोडका भाला खाली टाकला आणि हात वर केले. ताईने तो खास मुंगीसाठी लिहिला होता. कागद माझ्या पायाशीच असल्यामुळे मला ते ठाऊक होते. डोंगरातून जाणारी वाट फक्त त्यालाच माहीत होती आणि प्रेमाने विचारणाऱ्याला तो ती दाखवणार होता.

मुंगी म्हणाली, "मी त्याला मारते."

"त्यानं हत्यार टाकलंय," ताई म्हणाली.

"ऐकलं मी. फासा टाकायला हवा का?"

"नको. तो प्रतिकार करत नाहीये."

"मग मेला. पन्नास ना? लिही."

कंपाउंडरचे हसू तोंडातच राहिले. सुताराने पेन्सिल खाली ठेवली. ताईचा हात कागदावर नुसताच थांबला होता.

"अगं, पण का?" तिने विचारले.

"तक्ता तू लावलायस, ताई. मी तो पाळला." मुंगीचा आवाज चढलेला नव्हता. "दिवसभर खिडकीवर लोकांचं ऐकून घेते. तिथं मोजतात काय, तर किती जणांना लवकर वाटेला लावलं ते. निदान इथं तरी वेगळं असेल असं वाटलं होतं."

ताईने पन्नास लिहिले. मित्रांनो, तो दरोडेखोर कागदावरचा होता, त्याच्या रक्ताचा थेंबही कुठे सांडला नाही. तरी त्या दुपारी मला पहिल्यांदा स्वतःची लाज वाटली. मी कुणाला मारले नव्हते. मी फक्त एक आकडा धरून उभा होतो. पण तो इतका नीट धरला होता की एका भल्या मुलीला तो खरा वाटला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कामावरून सुटल्यावर ताई थेट मामांकडे आली. "हा कागद काढायचाय," ती म्हणाली.

मामांनी कोपरा नखाने उचलून पाहिला. "निघायचा नाही. पुठ्ठ्याचा पापुद्रा घेऊन येईल."

"येऊ दे."

मामांनी ओले फडके तासभर माझ्यावर ठेवले आणि पातळ पात्याने कागद सोलून काढला. दुखले का, असे विचाराल तर पुठ्ठ्याला दुखते तितके दुखले. माझ्या आतल्या अंगावर तो ओरखडा अजून आहे. त्यावर ताईने नवा कागद चिकटवला. त्यावर एकच ओळ होती. अडचण सुटली तर गुण. मारून सुटो, बोलून सुटो, वळसा घालून सुटो, गुण तितकेच.

रविवारी तिने सगळ्यांसमोर पुलाचे तीनशे गुण वाटून दिले. मुंगीने विचारले, "आणि त्या म्हाताऱ्याचे पन्नास?"

"ते खोडले नाहीत. पण आता ती वाट दाखवायला कुणी नाही."

खरेच नव्हते. पुढचे तीन रविवार ते तिघे डोंगरात भरकटत राहिले. मुंगीने त्याबद्दल एकदाही कुरकुर केली नाही.

आता सगळे सुरळीत झाले असेल, असे तुम्हाला वाटेल. मलाही तसेच वाटले होते. पण नव्या कागदाने नवी पंचाईत केली. कंपाउंडरने ओळखले की जिभेचे गुण तलवारीइतकेच आहेत. मग काय, तो जो दिसेल त्याच्याशी गोड बोलू लागला. लांडग्याला भाऊ म्हणाला, चेटकिणीच्या केसांची तारीफ केली, चोरांच्या टोळीला चहाचे आमंत्रण दिले. फासा बरा पडला की अडचण सुटली. दर पाच मिनिटांनी गुण. गोष्टीतले धोके पाण्यात टाकलेल्या साखरेसारखे विरघळून जात. सुतार हाताची घडी घालून बसू लागला. एका रविवारी तो मध्येच उठला.

"तुमचं चालू द्या," तो म्हणाला. "माझं इथं काही काम नाही."

पुढच्या रविवारी तो आला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. कंपाउंडर म्हणाला, "रुसलाय. दोन गोड शब्द बोललं की येईल."

मुंगी फाशाशी चाळा करत होती. ती म्हणाली, "गोड बोलून कुणाच्या घरी दिवा लागत नाही. मी रोज बघते ना. त्याची तार कुठं तुटलीय ते शोधावं लागतं."

ताईने हे मनावर घेतले. त्याच आठवड्यात ती मला काखेत मारून सुताराच्या कारखान्यात गेली. निमित्त माझेच होते. पंख्याच्या वाऱ्याने मी अलीकडे कोलमडत होतो आणि मला लाकडी पाय हवे होते. कारखान्यात भुशाचा थर होता. एका गिऱ्हाइकाला सुतार सांगत होता, "हो साहेब. तुम्ही म्हणाल तसं साहेब." गिऱ्हाईक गेल्यावर त्याने मला उलटसुलट करून पाहिले.

"पाय करून देतो. उद्या ने."

ताई गेली नाही. एका फळीवर बसली आणि म्हणाली, "मी तुला बोलवायला आले नाही. तुझं काय बिनसलं ते विचारायला आलेय."

सुतार बराच वेळ रंधा मारत राहिला. मग म्हणाला, "मला बोलता येत नाही, ताई. दिवसभर इथं मान हलवतो. तिथं तलवार होती तेव्हा मी कुणीतरी होतो. आता तिकडंही बोलणाऱ्यांचंच राज्य. मी आपला सामान उचलायला."

"तुला मारायचंच आहे का?"

तो थांबला. "नाही. मला हातानं काहीतरी करायचंय."

ताई घरी गेली ती विचार करतच. माझे पाय दुसऱ्या दिवशी तयार झाले. खाच इतकी अचूक होती की खिळा लागला नाही. आणि माझ्यावरच्या ओळीखाली ताईने आणखी दोन ओळी लिहिल्या. समोरच्याला काय हवे आहे ते शोधले पाहिजे. आणि सोडवणाऱ्याने आपले काहीतरी त्यात घातले पाहिजे. नुसत्या शब्दांना गुण नाहीत.

रविवारी सुतार आला. गोष्टीत दोन गावे एका कालव्यावरून भांडत होती. पाणी एकाच बाजूला वळत होते आणि दोन्हीकडची माणसे कोयते घेऊन बांधावर उभी होती. कंपाउंडरने तोंड उघडले. फासा चांगला पडूनही ताईने मान हलवली. "ते ऐकून घेतात. पण पाणी अजून एकीकडंच जातंय."

 मग सुताराने माझ्या पलीकडून एक कोरा कागद ओढला आणि पेन्सिलीने रेघा मारू लागला. "झडप दोन तोंडांची केली तर? मधे एक पातं. दोन्हीकडं सारखं पाणी."

"पात्याला लोखंड लागेल," ताई म्हणाली. "आसपास लोहार नाही."

सुताराने आपल्या कागदाकडे पाहिले. त्याच्या तलवारीचे नाव त्याने स्वतः ठेवले होते, तिच्यासाठी सव्वा वर्ष खेळला होता. त्याने तलवारीची ओळ खोडली. "हे घ्या पातं."

पाते बसायला फाशावर बारा तरी पडायला हवे होते. सुताराने फासा उचलला, पुन्हा खाली ठेवला आणि म्हणाला, "तूच टाक, ताई." ताईने माझ्याआड फासा टाकला. अकरा. तो आकडा फक्त तिला आणि मला दिसत होता. तिने ओठ चावला. यापूर्वी किती वेळा तिने एखाद-दुसरा आकडा आपल्या पदरचा घातला होता. या वेळी ती म्हणाली, "अकरा. पातं बसलं, पण पाण्याच्या जोरानं हलतंय. पाचर ठोकेपर्यंत कुणीतरी दोन्ही बाजूंनी धरायला हवं."

मुंगी म्हणाली, "मी या गावाच्या म्होरक्याला पाण्यात उतरवते."

"आणि मी त्या गावाच्या," कंपाउंडर म्हणाला. "त्याला मी एवढंच म्हणतो, धर, नाहीतर तुझंही शेत जाईल." या खेपेला तो फक्त एका वाक्यात थांबला.

दोन्ही म्होरके छातीभर पाण्यात समोरासमोर उभे राहिले आणि सुताराने पाचर ठोकली. कोयते बांधावरच राहिले. त्या दिवशी ताईने जितके गुण दिले तितके आधी कधीच दिले नव्हते. सुतार ते लिहून घ्यायलाच विसरला. तो अजून झडपेच्या चित्रात बिजागऱ्या भरत होता.

असे आम्ही आणखी चार वर्षे खेळलो. नवीन लोक बघायला येत आणि माझे पाय पाहून "कुणी केले?" असे विचारत. तेव्हा मी जरा अधिकच ताठ उभा राहत असे. मग सुताराला परगावी मोठे काम मिळाले. कंपाउंडरची पाळी रविवारची झाली. ताईने स्वतःचे चष्म्याचे दुकान थाटले आणि तिला श्वास घ्यायला सवड उरली नाही. भांडण कुणाचेच झाले नाही. खेळ आपोआप थांबला. मामांनी मला कपाटावर ठेवले, नंतर खिडकीची फुटलेली काच झाकायला लावले. माझी एक बाजू उन्हाने वाळल्या गवताच्या रंगाची झाली. खळीच्या वासाने कसर आली आणि एक कोपरा खाऊन गेली. आठ वर्षे मी तसाच होतो. कुणावर रागावलो नाही, पण रविवार आला की दुपारी उगाच वाट पाहायचो.

एके दिवशी मुंगी दुकानात आली. केसांत थोडे पांढरे, चाल तीच सावकाश. तक्रारीच्या खिडकीवर आता नवी माणसे भरती झाली होती आणि त्यांना शिकवायचे काम तिच्याकडे आले होते. आदल्याच आठवड्यात तिथे मोठा आरडाओरडा होऊन खिडकीची काच फुटली होती. तिने मामांना विचारले, "तो पडदा आहे का हो अजून?"

मामांचे हात आता कापत होते. तरी त्यांनीच मला खिडकीवरून उतरवले, कसर झटकली आणि खाल्लेल्या कोपऱ्याला नवे कापड लावून दिले.

आता मी वीज कार्यालयाच्या मागच्या खोलीत, फायलींच्या टेबलावर उभा राहतो. सूत्रधार मुंगी आहे. समोर पाच नवे कारकून बसतात. पहिल्याच दिवशी मुंगीच्या गोष्टीत एक म्हातारा तक्रार घेऊन दाराशी उभा राहिला. तेव्हा कारकुनांतली एक तडफदार मुलगी, जिच्या खिडकीची काच फुटली होती तीच, म्हणाली, "या दारावरच्या म्हाताऱ्याला हाकलून दिलं तर?"

"दे," मुंगी म्हणाली. "मनाई नाही. पण तो उद्या पुन्हा येईल, आणि चार जणांना घेऊन येईल."

मुलगी फासा हातात घेऊन बसली. बाकीचे चौघे तिच्याकडे पाहत होते. मुंगीने घाई केली नाही. बऱ्याच वेळाने त्या मुलीने फासा न टाकताच टेबलावर ठेवला आणि जरा अवघडून, कुणाशी बोलायचे ते न कळल्यासारखे, माझ्याकडे पाहत गोष्टीतल्या त्या म्हाताऱ्याला विचारले, "काका, तुम्ही कधीपासून उभे आहात?"

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखा एखादा पुठ्ठा असेल तर त्याला ओलीपासून जपा आणि अधूनमधून ऊन दाखवा. फार काही लागत नाही आम्हाला. मात्र नवा खेळ मांडाल, तेव्हा त्याच्या आतल्या बाजूला शाबासकी कशासाठी लिहिता आहात, ते एकदा मोठ्याने वाचून पाहा. मी पुठ्ठा आहे. तुम्ही चिकटवाल ते मी घट्ट धरून ठेवीन.